एडीएचडीवरील औषधे आणि लहान मुलांची झोप

अवधान टिकत नाही आणि अंगात अतिचंचलता आहे, अशा एडीएचडी असलेल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांनी रात्री झोप लागायला उशीर होतो. मूल अंथरुणावर पडते, पण तासभर डोळा लागत नाही. यातले सर्वाधिक वापरले जाणारे औषध मेथिलफेनिडेट. १९४४ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझ्झोन यांनी प्रथम तयार केले. पुढे ते रिटालिन या नावाने बाजारात आले. मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा प्रभाव ते वाढवते. त्यातून लक्ष स्थिरावते, तसा जागेपणाही टिकतो.

साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास राहतो, दीर्घ परिणामाच्या गोळीचा आठ ते बारा तास. दीर्घ परिणामाची सकाळी आठची मात्रा साडेदहाला दिली, तर तिचा अंमल थेट झोपेच्या वेळेपर्यंत पोचू शकतो. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या शरीरातून हे औषध मोठ्या मुलांपेक्षा सावकाश बाहेर पडते. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले. झोप न लागणे हा त्यांतलाच एक. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना या वयात आधी पालकांना वर्तन-प्रशिक्षण द्यावे असे सांगते, आणि ते योग्यच आहे.

मात्र सारा दोष औषधावर टाकणे अन्यायाचे ठरते. एडीएचडी असलेली पुष्कळ मुले औषधापूर्वीही नीट झोपत नसतात. म्हणून उपचार सुरू होण्याआधी दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात; एरवी नंतर तुलना कशाशी करणार? घोरणे असेल तर टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड तपासावेत. पाय सतत हलत असतील तर रक्तातील लोहसाठा पाहावा. औषधामुळे दुपारी भूक मेलेली असते, त्यामुळे मूल रात्री भुकेने जागे राहते, हेही अनेकदा नजरेतून सुटते.

मात्रा, वेळ किंवा औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा. अ‍ॅटोमॉक्सेटिन, क्लोनिडिन, ग्वानफासिन ही उत्तेजक नसलेली औषधे काही मुलांना उलट पेंग आणतात. मेलाटोनिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. काही मुले औषधाचा अंमल ओसरताना संध्याकाळी चिडचिडी आणि अधिकच अस्वस्थ होतात. अशांपैकी काहींना डॉक्टर दुपारनंतर छोटी मात्रा वाढवून देतात, आणि ती मुले लवकर झोपतात.