खामकाठच्या वास्तू जलरंगात कशा उतरतात?

छत्रपती संभाजीनगरला येणारा पर्यटक बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढतो आणि वेरूळकडे निघतो. खाम नदी त्याच्या फोटोत सहसा नसते. जलरंगात शहर रंगवणाऱ्याला मात्र या नदीकाठी भरपूर विषय सापडतात.

काठावर काय आहे?

जटवाड्याच्या डोंगराकडून येणारी खाम पुढे गोदावरीला मिळते. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले, तेच आजचे संभाजीनगर. नदीवरच्या जुन्या पुलांच्या तोंडाशी मकाई दरवाजा आणि महमूद दरवाजा उभे आहेत. महमूद दरवाज्याला लागूनच पाणचक्की आहे. डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने आणलेल्या पाण्यावर तिथे धान्य दळले जाई. थोड्या अंतरावर बेगमपुऱ्यात मकबरा आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकातली.

पांढरा रंग कुठून येतो?

जलरंग पारदर्शक असतो, म्हणून त्यात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातला उजेड. मकबऱ्याचा घुमट दाखवायचा तर ती जागा कोरी सोडायची आणि आजूबाजूचे आकाश रंगवायचे. सावलीच्या बाजूला निळसर-जांभळ्या रंगाचा पातळ हात दिला की गोलाई दिसते. एकदा झाकलेला कागद पुन्हा पूर्वीसारखा पांढरा होत नाही, म्हणून काम फिक्याकडून गडदाकडे जाते.

मकबरा पांढरा दिसत असला तरी तो सगळा संगमरवरी नाही. संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे. मधल्या काळ्या दगडावर गुळगुळीत गिलावा आहे. त्यामुळे जवळून पाहिल्यास पांढऱ्याच्या वेगवेगळ्या छटा दिसतात.

दरवाज्यांचे काम वेगळे. काळपट दगडासाठी निळा आणि तपकिरी मिसळून करडा रंग करतात. कमानीतला अंधार शेवटी भरतात.

आणि नदी?

कागद ओला असतानाच उभे फटकारे मारले की रंग पसरतो आणि प्रतिबिंब तयार होते. साधारणपणे उजळ वस्तूचे प्रतिबिंब थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे फिके दिसते. पण त्यासाठी पाणी बऱ्यापैकी संथ आणि मोकळे लागते. गाळ, सांडपाणी आणि जलपर्णी असली की प्रतिबिंब तुटते.

खामची अनेक वर्षे हीच अवस्था होती. अलीकडच्या वर्षांत महापालिका, संस्था आणि नागरिकांनी मिळून पात्र स्वच्छ करण्याचे आणि काठ सुधारण्याचे काम हाती घेतले. कचरा आणि सांडपाणी नदीत येणे थांबले, तरच त्याचा परिणाम टिकेल.

कल्पनेने रंगवलेल्या चित्रात नदी निळीशार करता येते. पण काठावर बसून रंगवलेल्या चित्रात दरवाज्याखाली जे पाणी असेल, तेच कागदावर येते. अशा चित्रांवर तारीख लिहून ठेवली, तर काही वर्षांनी ती शेजारी मांडून खाम किती बदलली हे पाहता येईल.