महिला मंडळे, धाराशिव जिल्ह्यातील

महिला मंडळे, धाराशिव जिल्ह्यातील : परस्परांची सोबत, विचारविनिमय आणि अडीअडचणीतील साहाय्य यांसाठी ग्रामीण स्त्रियांनी उभारलेली स्थानिक संघटने. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यात त्यांची खरी वाढ १९९३ च्या भूकंपानंतर झाली. नाते, जात व सौभाग्य यांच्या मर्यादा ओलांडणारी स्त्रियांची सोबत येथे सणसमारंभांपेक्षा गावच्या सार्वजनिक कामातून उभी राहिली, हे या मंडळांचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : बालाघाटच्या डोंगररांगांतील हा प्रदेश बव्हंशी जिरायती व अवर्षणप्रवण आहे. रामलिंग देवस्थानामुळे आणि कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावरील स्थानकामुळे परिचित असलेले येडशी हे गाव याच टापूत मोडते. येथील स्त्रियांना एकत्र येण्याच्या जागा जुन्याच होत्या : पहाटेचे जाते, पाणवठा, नागपंचमीचा फेर, रानातील खुरपणी आणि श्रावणातील देवदर्शन. जात्यावरच्या ओव्यांतून येणारी ‘गडणी’ म्हणजे सोबतीण ही या सहवासाची खूण आहे. तथापि लग्नानंतर गाव बदलत असल्याने बालपणीची गडणी दुरावे. सासरी पाणवठेही जातीनुसार वेगळे असत. हळदीकुंकवासारख्या समारंभात विधवेला स्थान नव्हते आणि परित्यक्तेकडे संशयाने पाहिले जाई. म्हणजे ज्या स्त्रीस आधाराची गरज सर्वांत अधिक, तीच या सहवासातून वगळली जात असे.

ही उणीव महाराष्ट्रातील सुधारकांनी लवकर ओळखली होती. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळ स्थापन केले व त्याच्या तिळगूळ समारंभात सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसविण्याची व्यवस्था केली. पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज (१८८२) आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने वाढलेले पुण्याचे सेवासदन (१९०९) ही पुढील महत्त्वाची पावले होत. मात्र या संस्था प्रामुख्याने शहरांत वाढल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९४८ पर्यंत अशा चळवळींना फारसा वाव मिळाला नाही.

शासकीय प्रयत्न : २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमात गावोगावी महिला मंडळे काढण्याचे धोरण होते. शिवणवर्ग, बालवाडी, भजन व आरोग्यविषयक व्याख्याने असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असे. मंडळ पुष्कळदा गावातील प्रतिष्ठित घराच्या आश्रयाने चाले. ग्रामसेविकेची बदली झाली वा अनुदान थांबले, की ते कागदावरच उरे. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर एकत्र आल्या. तेथे विविध जातींच्या स्त्रियांनी खांद्याला खांदा लावून काम केले. परंतु काम संपताच ही सोबतही बहुधा विखुरली. तिला टिकवून धरणारी रचना अद्याप नव्हती.

भूकंप व संवाद साहाय्यक : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांखाली बहुसंख्य माणसे झोपेतच गाडली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक नुकसान झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. अन्य असंख्य गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच करावयाचे होते. या दुसऱ्या कामात लोकसहभाग मिळविण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन (मृत्यू २०२२) यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. संस्थेने गावातीलच स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून पुढे आणले. अनुदानाचे हप्ते समजावून देणे, भूकंपरोधक बांधकामाची माहिती घरोघर पोहोचविणे आणि अभियंत्यांपुढे तक्रारी मांडणे ही त्यांची कामे होती.

घराबाहेर पडण्यास या कामाने सर्वमान्य कारण दिले. गवंड्याशी बोलणारी, बँकेत जाणारी, ग्रामसभेत उभी राहणारी स्त्री गावाने पाहिली. संवाद साहाय्यक दारोदार जात असल्याने वस्त्यावस्त्यांमधील अंतर कमी झाले आणि पतिनिधनाने एकाकी झालेल्या स्त्रियांचे प्रश्न बैठकीत येऊ लागले.

बचत गट : घरबांधणी संपल्यावर ही सोबत विखुरली नाही, कारण तिला बचत गटाची चौकट मिळाली. साधारणतः दहा ते वीस सभासद, ठरलेल्या तारखेची बैठक, ठरावीक बचत, अंतर्गत कर्ज व सर्वांसमोर वाचली जाणारी नोंदवही अशी ही चौकट आहे. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ पासून गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला होता. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियान यांमुळे गटांचे जाळे विस्तारले. आजारपण, बाळंतपण वा बियाणे यांसाठी सावकाराच्या दारी न जाता मिळणारे लहान कर्ज जितके मोलाचे, तितकीच महिन्यातून एकदा हक्काने बसण्याची जागाही मोलाची ठरली. अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या ‘भारतवैद्य’ आरोग्य कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या क्षेत्रात अशाच विश्वासावर काम केले.

या अनुभवाचा उपयोग जिल्ह्याबाहेरही झाला. २००१ च्या भूकंपानंतर लातूर–उस्मानाबादच्या स्त्रियांनी कच्छमधील स्त्रियांना आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील स्त्रियांना मार्गदर्शन केले. पुढे दुष्काळी वर्षांत कुटुंबाच्या जमिनीतील सुमारे एक एकर क्षेत्र स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने अन्नपिकांखाली आणण्याची पद्धती गटांतून पसरली. स्वयं शिक्षण प्रयोगास २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

मूल्यमापन : मंडळांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नियमित बचत करू न शकणारी भूमिहीन वा स्थलांतर करणारी स्त्री गटाबाहेर राहते. कर्जवसुलीवर भर वाढला, की परतफेड चुकलेली सभासद मैत्रीण न राहता थकबाकीदार ठरते. बैठक केवळ हिशेबापुरती उरली, तर जुन्या अनुदानित मंडळांप्रमाणे याही गटांचे अस्तित्व औपचारिक होण्याचा संभव आहे. म्हणून मंडळाचे यश जमा रकमेवरून मोजणे अपुरे होय. विधवा, परित्यक्ता व परक्या वस्तीतील स्त्री बैठकीच्या जाजमावर इतरांच्या बरोबरीने बसते किंवा नाही, हाच त्याचा अधिक विश्वसनीय निकष आहे.