टर्की आणि कोंबडी एका अंगणात का नांदत नाहीत?



धान कापून झाला, चुरणं सुरू आहे. रात्री थोडी सवड मिळाली म्हणून ही नोंद लिहून राहिलो. दोनेक वर्षांपासून आपल्या भागात टर्कीची पिल्लं विकायला येतात. बचत गटातल्या बाया, शिकलेली पोरं विचारतात, "भाऊ, आपल्या गावठी कोंबड्यांमध्येच सोडली तर चालते का?" मी नाही म्हणतो. पण नुसतं नाही म्हटलं की कोणाला पटत नाही. त्यामागचा इतिहास समजला तर पटेल.

आधी कोंबडीचं. कोंबडी ही आपल्या आशियाची. रानकोंबडीपासून ती माणसाळली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं मांडलं आहे की, नक्की कोंबडीचीच म्हणता येतील अशी सगळ्यात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी मिळाली. काळ इसवी सनापूर्वी 1650 ते 1250. अभ्यासकांचं म्हणणं असं, की माणूस धान आणि बारीक तृणधान्यं पेरू लागला, दाणे साठवू लागला, आणि त्या दाण्यांच्या मागे रानकोंबडी गावाजवळ आली. आपल्या धानाच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. खळ्यावर पहिलं कोण येते? कनकी सांडली की कोण धावते?

टर्की मात्र समुद्रापलीकडची. तिचं मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच तिला पाळलं होतं. 16 व्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. म्हणजे कोंबडी आणि टर्की हजारो वर्षं दोन वेगळ्या खंडांवर वाढल्या. एकीचं अंगण दुसरीनं पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येते.

नावाची गंमत पहा. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्की भाषेत तिला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'दँद', म्हणजे हिंदची. डच लोकांचा शब्द 'काल्कुन', तो आपल्या कालिकतवरून. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू', आणि हिंदीतला 'पीरू' त्यावरूनच आला. मेक्सिकोचं नाव कोणीच घेतलं नाही. अर्ध्या जगानं तिला हिंदुस्थानची ठरवली आणि हिंदुस्थानात ती आली पोर्तुगीजांच्या हातून.

याचा लेखी पुरावा आहे. 1612 साली बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून दुर्मीळ वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात आला. त्यात टर्कीचा नर होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, चोच आणि पाय कोंबड्यासारखे. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो, आणि डोकं-मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी निळसर. ज्यानं टर्की पाळली त्याला कळेल की बादशहाची नजर शेतकऱ्याची होती. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर यानं त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे गोव्यात आणि इंग्रजांच्या बंगल्यांवर नाताळच्या जेवणासाठी टर्की राहिली, पण गावखेड्याच्या अंगणात ती रुजली नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत गोरे लोक वसले तसे कोंबड्याही गेल्या आणि दोन्ही पक्षी एका वाडग्यात आले. 19 व्या शतकाच्या शेवटी ऱ्होड आयलंड भागात टर्की पटापट मरू लागली. 1893 मध्ये या रोगाची पहिली नोंद झाली. 1895 मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांनी त्यामागचा सूक्ष्म जीव दाखवला. गुरांचा एक ताप गोचिडामुळे पसरतो हे ज्यांनी दाखवलं, तेच हे स्मिथ. रोगाला 'ब्लॅकहेड' नाव पडलं, पण डोकं काळं पडतेच असं नाही. खरी खूण म्हणजे गंधकासारखी पिवळी विष्ठा. आत काळजावर, म्हणजे यकृतावर, गोल गोल खड्ड्यांसारखे डाग पडतात.

मग रोग येतो कुठून? 1920 मध्ये ते कोडं सुटलं. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत राहतो. हा रोगजीव त्या जंताच्या अंड्यात लपून विष्ठेतून बाहेर पडतो. उघडा असला तर काही तासांत मरतो, पण अंड्याच्या आत असला तर मातीत काही वर्षं टिकतो. ती अंडी गांडूळ गिळतो, गांडूळ टर्की खाते. कोंबडीला बहुधा काही होत नाही, ती चरत राहते. टर्कीच्या कळपात मात्र शंभरातली ऐंशी आणि कधी त्याहून जास्त जातात. मला तरी याचं कारण तेच वाटते, जे वर ध्यानात ठेवा म्हटलं: कोंबडी या जंताला जुनी सरावलेली, टर्की नवखी.

म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात गांडूळ वर आले की टर्की जाते आणि लोक म्हणतात, "नजर लागली". गेल्या पावसाळ्यात गावातल्या दोन घरची टर्की अशीच गेली. एका घरी तर गटाचं कर्ज होतं. कोंबड्या शाबूत होत्या म्हणून रोगाचा कोणाला संशयही आला नाही.

औषधाच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत या रोगावरचं शेवटचं मान्य औषध, आर्सेनिकचं निटारसोन, 2015 अखेर बंद झालं. तिथल्या जुन्या शेतकऱ्यांनी काढलेली तोड अजून खरी आहे: टर्की कोंबडीच्या मातीवरून उचला. त्यांनी तारेच्या जाळीचे उंच ओटे केले. आपल्याकडे बांबू आहे. माझ्या सहा टर्की जमिनीपासून दीड हात उंच मचाणावर आहेत. फटीतून विष्ठा खाली पडते, खाली कुंपण आहे, कोंबडी तिथं जात नाही. मोठा नर आठ-दहा किलोचा होतो, तेव्हा बांबू जाड घ्या.

आणखी एक अडचण. टर्कीच्या पिल्लाला दाणा टिपायची अक्कल उशिरा येते, काही उपाशीच मरतात. म्हणून जाणकार सांगतात की सोबत एक-दोन कोंबडीची पिल्लं ठेवा, ती पाहून शिकतात. इथं घोळ होतो. गुरू म्हणून ठेवायचं पिल्लू मशीनमधून निघालेलं, एक दिवसाचं, जमिनीला पाय न लागलेलं घ्या. खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी उबतात, 28 दिवस लागतात, पण पिल्लं निघाली की लगेच वेगळी करा. खाली राईस मिलचा कोरडा भुसा टाका. नुसत्या कनकीवर ती वाढत नाहीत. पहिला महिना खाद्यात 28 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात.

मानमोडी दोघींनाही होते, लस चुकवू नका. कोंबड्यांना जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. टर्की मेली तर खड्ड्यात टाकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन काळीज तपासून घ्या.

कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक मित्रांना एक विनंती. गटाला टर्की सुचवताना पहिले त्यांचं अंगण पहा. जिथं पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या फिरल्या, ती माती टर्कीची नाही. मचाणाचा खर्च अंदाजपत्रकात धरा. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांनी गावठी कोंबडीच वाढवावी, तिच्यात काही कमीपणा नाही.

ज्यांच्याकडे टर्की आहेत त्यांनी खाली कसं आहे, किती आहेत ते लिहा.