काचबिंदू : दोन हजार वर्षांची एक गल्लत

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की आपण म्हणतो, "मोती आला असेल. पिकू द्या, मग काढू." मोतीबिंदू काढल्यावर बहुधा पुन्हा दिसू लागते. पण तो काचबिंदू असेल, तर थांबण्यात गेलेली नजर कधीच परत येत नाही. नावे जवळची, दुखणी मात्र दोन. आणि ही गल्लत केवळ आपल्या ओसरीवरची नव्हे. ती वैद्यकातही सुमारे दोन हजार वर्षे टिकली.

हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावरील सूत्रांत म्हातारपणाच्या व्याधी सांगितल्या आहेत. त्यांत 'ग्लॉकोसिस' हा डोळ्यांचा विकार आहे. ग्लॉकोमा, म्हणजे आपला काचबिंदू, हे नाव त्याच मुळाचे. त्या काळी मोती कोणता नि काच कोणता, हे वेगळे निघत नव्हते. १७०५ साली फ्रान्समध्ये ब्रिसो याने मृताचा डोळा चिरून पाहिला आणि मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले भिंगच, हे दाखवून दिले. मग काचबिंदू कुठे असतो? जिवंत डोळ्याच्या आत पाहायचे साधनच नव्हते.

ते साधन १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने जगापुढे ठेवले. त्यातून वैद्यांना दिसले, की डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे टोक या रोगात वाटीसारखे आत खचते. डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो नि निचरून जातो. निचरा तुंबला, की दाब वाढतो आणि नस हळूहळू मरते. काहींची नस दाब बेताचा असूनही मरते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. नसही पाहावी लागते.

उपायही मग निघाले. १८५७ मध्ये बर्लिनच्या फोन ग्रेफे याने अचानक उठणाऱ्या, ठणकणाऱ्या काचबिंदूवरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १८७६ मध्ये लाकेर याने आफ्रिकेतल्या कॅलबार बीचे औषध वापरले. तो स्वतःच या रोगाने पीडित होता. आपल्या देशातही, १९०९ साली मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात एलियट याने डोळ्याला बारीक भोक पाडून निचरा करण्याची रीत सुरू केली. आज थेंब आहेत, लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे. पण हे सारे उरलेली नजर राखण्यासाठी आहे. मेलेली नस जिवंत करणारे औषध अजून नाही.

म्हणून घरच्यांचे काम मोठे आहे. हा रोग बहुधा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचे दिसतच असते. आजोबा उंबरठ्याला अडखळतात, बाजूने आलेली सायकल त्यांना दिसत नाही, आणि आपण म्हणतो, "लक्ष कुठं असतं तुमचं?" असे रागावू नका, डोळे दाखवा.

थेंब रोज, ठरल्या वेळी, बरे वाटले तरी घालायचे. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटावा आणि नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी. म्हाताऱ्या हातांना बाटली धरवत नाही. ते काम नातवाने करावे. दुकानातून मनाने औषध आणू नये, कारण स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब वाढू शकतो. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढावा, आणि खाट, घागर जागची हलवू नये.

आणखी एक. हा रोग घराण्यात उतरू शकतो. आजीला निघाला, तर तिच्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनीही तपासून घ्यावे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एवढे सांगितले, तरी ते संध्याकाळी घरोघर पोचेल. वैद्यकाला ही गल्लत उमगायला दोन हजार वर्षे लागली. आपल्या घरात तिच्यापायी एक वर्षही जाऊ देऊ नका.