करसल्लागारांपुढील नवी आव्हाने

छोट्या व्यापाऱ्याच्या लेखी व्यवसाय सल्लागार म्हणजे बहुधा त्याचा करसल्लागारच. नोंदणी असो, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे असोत वा भागीदारांमधील तंटा, सारे त्याच्याच टेबलावर येते. महाराष्ट्रात या व्यवसायाची घडी १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्यावर बसली होती. १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला, तर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी. अवघ्या बारा वर्षांत दोनदा पाटी कोरी करावी लागली.

नवा कायदा शिकणे त्या मानाने सोपे. कामाचे स्वरूपच पालटले, ही खरी अडचण आहे. पूर्वी कलमांचे ज्ञान आणि माझगावच्या विक्रीकर भवनातील सुनावण्यांचा अनुभव हे सल्लागाराचे भांडवल होते. आता त्याचा बराचसा वेळ बिलांच्या जुळवणीत जातो. व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले असेल तरच मिळते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जुळवणीचा तक्ता १४ तारखेला तयार होतो आणि कर भरण्याची मुदत २० तारखेला संपते. मधल्या सहा दिवसांत सल्लागाराला आपल्याच नव्हे, तर परक्याच्या अशिलामागेही धावावे लागते!

मेहनताना मात्र अनेक ठिकाणी अजूनही विवरणपत्रांच्या संख्येवर ठरतो, आणि नेमके तेच काम यंत्र हिरावून घेत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीसाठी सक्तीचे झालेले ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपर्यंत खाली आले. त्यातील तपशील आपोआप विवरणपत्रात उतरतो. जीएसटीच्या लेखापरीक्षणाची सक्तीही २०२१ मध्ये गेली.

उरतो तो सल्ला. पण फॉर्म भरला की पोच हाती पडते, सल्ल्याची पोच नसते. त्यामुळे त्याचे पैसे मागताना सल्लागारच संकोचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या. ग्राहक खूश झाला. पण शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करावी लागणार, हे स्टेशनरी विक्रेत्याला कोणीतरी सांगणे भाग होते. त्या सांगण्याचे वेगळे बिल किती सल्लागारांनी लावले असेल?