हौशी संगणककार आणि आज्ञावलीच्या मालकीचा प्रश्न (१९७५ ते १९८९)

प्रस्तावना

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा इतिहास सांगताना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. तथापि आज्ञावली ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न त्यापूर्वीच अमेरिकेतील हौशी संगणककारांमध्ये उपस्थित झाला होता. कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या अनुषंगाने त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ‘हौशींचे औदार्य विरुद्ध व्यापाऱ्याचा लोभ’ ही या वादाची रूढ मांडणी अपुरी आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

क्लबची स्थापना व कार्यपद्धती

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. अल्बुकर्की येथील मिट्स कंपनीने इंटेल ८०८० मायक्रोप्रोसेसरवर तो बेतला होता. सुट्या भागांचा संच ४०० डॉलरहून कमी किमतीत मिळे आणि तो ग्राहकाने स्वतः जोडावयाचा असे. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. दर्शनी भागावरील खटके वरखाली करून आज्ञा भराव्या लागत आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून वाचावे लागे. मूळ संचाची स्मृती अवघी २५६ बाइट होती.

असे यंत्र एकट्याने चालविणे कठीण होते. त्यामुळे फ्रेड मूर व गॉर्डन फ्रेंच यांच्या पुढाकाराने ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये सुमारे ३० जण एकत्र आले. पुढे बैठका स्टॅनफर्ड लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात भरू लागल्या व ली फेल्सेनस्टाइन त्यांचे संचालन करू लागले. स्टीव्ह डॉम्पिअर यांनी एका बैठकीत अल्टेअरमुळे जवळच्या रेडिओत होणाऱ्या खरखरीतून चक्क गाण्याचे सूर काढून दाखविले. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे सदस्यांना मोफत वाटले. तोच संगणक १९७६ मध्ये ‘ॲपल १’ या नावाने ६६६.६६ डॉलरला विकला गेला. देवाणघेवाण आणि व्यापार या क्लबात प्रारंभापासून शेजारी नांदत होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९७६ चे खुले पत्र

पॉल ॲलन व बिल गेट्स यांनी अल्टेअरसाठी बेसिक ही संगणकभाषा सिद्ध केली. मिट्सचे स्मृतिफलक घेणाऱ्यास ती स्वस्तात मिळे. स्वतंत्रपणे घेणाऱ्यास मात्र फार महाग पडे. तिच्या कागदी फितीच्या नकला क्लबात हातोहात फिरू लागल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी संगणककारांना उद्देशून खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली असून मिळालेल्या स्वामित्वधनाचा हिशेब केल्यास श्रमाचे मोल ताशी २ डॉलरही पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राचे पैसे मोजणारा ग्राहक आज्ञावलीचे पैसे का देत नाही, हा त्यांचा प्रश्न अप्रिय असला तरी गैरलागू नव्हता.

टायनी बेसिकचा पर्याय

त्यापूर्वीच, १९७५ मध्ये, पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या नियतकालिकातून डेनिस ॲलिसन यांनी छोट्या बेसिकची रचना मांडली होती. ती वाचून टेक्सासच्या डिक व्हिपल व जॉन अर्नोल्ड यांनी तयार केलेली आज्ञावली १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये संपूर्ण छापली गेली. टॉम पिटमन यांनी आपली टायनी बेसिक केवळ ५ डॉलरला विकली. किंमत इतकी कमी असेल तर नक्कल करण्याऐवजी लोक विकत घेतील, हा त्यांचा विचार होता. ली-चेन वांग यांनी तर आपल्या आज्ञावलीवर ‘कॉपीराइट’च्या जागी ‘कॉपीलेफ्ट’ असे लिहिले. परंतु हा विनोद होता, परवाना नव्हे. अशी आज्ञावली घेऊन कोणी तिच्यावर आपलाच हक्क सांगितला, तर त्यास अटकाव करणारी तरतूद त्यात नव्हती.

निष्कर्ष

१९८० मध्ये अमेरिकी प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन आज्ञावलीला स्पष्ट संरक्षण मिळाले. १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स सिद्ध झाले. त्यानुसार लेखक आपला प्रताधिकार सोडत नाही. त्याच्याच बळावर तो इतरांना वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा देतो आणि पुढे वाटणाऱ्यानेही तीच मुभा द्यावी, असे बंधन घालतो. म्हणजे गेट्स यांनी ज्या लेखकाच्या हक्काचा आग्रह धरला, त्याच हक्कावर मुक्त आज्ञावलीची इमारत उभी राहिली.

क्लब डिसेंबर १९८६ मध्ये विसर्जित झाला. त्याच्या सदस्यांनी वाटून घेण्याची सवय लावली. तिला नियम मिळण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. हक्काचा प्रश्न परवान्याने सोडविला, श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न सोडविला नाही. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्या शिक्षणसंस्थांनी ती ‘फुकट’ समजण्यापूर्वी १९७६ च्या त्या पत्रातील प्रश्न स्वतःला एकदा विचारणे उचित ठरेल.