उष्ण प्रदेशात थंड पाण्याचा मासा : ग्वाडालुपे नदीतील ट्राउट

ट्राउट हा थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध अशा वाहत्या पाण्यात राहणारा मासा आहे. भारतात तो काश्मीर व हिमाचल प्रदेशातील नद्यांत, तसेच दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांतील ओढ्यांत आढळतो. या सर्व ठिकाणी तो ब्रिटिश राजवटीत बाहेरून आणून सोडण्यात आला. मात्र सर्वच नद्या त्याला बारमाही मानवत नाहीत. काही नद्यांत हिवाळ्यात तो सुखाने राहतो आणि उन्हाळ्यात जेमतेम तग धरतो. अशा नदीला ट्राउटच्या दृष्टीने 'सीमांत' नदी म्हणता येईल. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ग्वाडालुपे ही अशीच एक नदी. अमेरिकेतील ट्राउटच्या अगदी दक्षिणेकडील नद्यांमध्ये तिची गणना होते. सीमांत नदीत मासे सोडणे सोपे असते. त्यांना जगवणारे थंड पाणी राखणे कठीण असते, हे या नदीच्या सहा दशकांच्या अनुभवावरून दिसून येते.

धरणाने आणलेली थंडी

टेक्सासचा हा भाग दिल्लीच्या किंचित उत्तरेच्या अक्षांशावर येतो. उन्हाळ्यात येथील पारा सहज ३५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. येथील मूळ मासे उबदार पाण्यातले. ट्राउटला येथे जागा मिळाली ती कॅनियन धरणामुळे. न्यू ब्रॉनफेल्स शहराच्या वरच्या बाजूस अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने हे धरण बांधले. पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठा हे त्याचे मुख्य हेतू होते. १९६४ मध्ये जलाशयात पाणी साठू लागले. त्याचा नेहमीचा साठा सुमारे साडेसोळा टीएमसी आहे; म्हणजे पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांच्या एकत्रित साठ्याच्या निम्म्याहून थोडा अधिक.

खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापून हलका होतो आणि हिवाळ्यातील थंड, जड पाणी तळाशी राहते. दोन्ही थर सहसा मिसळत नाहीत. कॅनियन धरणातील विसर्ग तळातून होत असल्याने भर उन्हाळ्यातही खालच्या नदीत गार पाणी येते. हे लक्षात आल्यावर १९६० च्या दशकातच येथे ट्राउट सोडण्यास प्रारंभ झाला. पुढे राज्याचा उद्याने व वन्यजीव विभाग आणि 'ट्राउट अनलिमिटेड' या संस्थेची ग्वाडालुपे शाखा यांनी हे काम चालू ठेवले. नदीच्या संवर्धनासाठी १९५९ मध्ये मिशिगन राज्यात स्थापन झालेल्या या संस्थेच्या सर्वांत मोठ्या शाखांपैकी एक शाखा टेक्साससारख्या उष्ण राज्यात असावी, ही विशेष बाब म्हटली पाहिजे.

तापमान आणि प्राणवायू

येथे सोडला जाणारा प्रमुख मासा म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट. साधारण १२ ते १८ अंश तापमानात तो उत्तम वाढतो. पाणी २० अंशांच्या पुढे गेले की त्याच्यावर ताण येऊ लागतो आणि ते २५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिले तर तो मरतो. यामागे दुहेरी कारण आहे. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांना हे प्रमाण आठ मिलिग्रॅमच्या थोडे वर राहते. उलट पाणी तापले की माशाच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊन त्याची प्राणवायूची गरज वाढते. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो.

धरणातून निघालेले गार पाणी वाहताना तापत जाते. किती अंतरापर्यंत ते गार राहील, हे विसर्गावर अवलंबून असते. विसर्ग मोठा असेल तर पाणी जलद पुढे जाते आणि तापण्यास त्याला कमी वेळ मिळतो. विसर्ग घटला की तेच पाणी डोहांत रेंगाळते आणि ट्राउटला राहण्याजोगा पट्टा धरणाच्या दिशेने आक्रसत जातो.

मासे सोडण्याची रीत

ग्वाडालुपेत ट्राउटची नैसर्गिक पैदास नगण्य आहे. म्हणून दरवर्षी नवे मासे सोडावे लागतात. राज्याचा विभाग हिवाळ्यात टेक्सासभर सुमारे तीन लाख इंद्रधनुषी ट्राउट सोडतो. त्यांतील पुष्कळसे शहरांतील तलावांत जातात. तेथे उन्हाळ्यात ते वाचणार नाहीत हे गृहीत असते. वसंत ऋतू संपण्यापूर्वी नागरिकांनी ते पकडून न्यावेत, हाच हेतू असतो. नदीतील माशांकडून अपेक्षा वेगळी आहे. त्यांनी उन्हाळा ओलांडावा, मोठे व्हावे आणि पुढच्या वर्षीही नदीत असावेत, यासाठी प्रयत्न होतो.

त्यामुळे मासे कधी, कोठे आणि कसे सोडावेत याला महत्त्व येते. संपूर्ण पट्टा थंड असतो तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात मासे सोडले जातात. बोटभर पिल्ले स्वस्त पडतात, परंतु मोठ्या शिकारी माशांच्या तोंडी सहज जातात. म्हणून सीमांत नदीत वीतभर किंवा त्याहून मोठे मासे सोडणे पसंत केले जाते. टाकीतील आणि नदीतील पाण्याच्या तापमानात मोठा फरक असेल तर मासे दगावतात. त्यासाठी टाकीत हळूहळू नदीचे पाणी मिसळावे लागते. सर्व मासे एकाच पुलाखाली न ओतता अनेक ठिकाणी विखरून सोडल्यास अन्नाची स्पर्धा कमी होते.

पकडण्यावरील मर्यादा

नदीच्या एका विशिष्ट पट्ट्यात कडक नियम लागू आहेत. तेथे १८ इंचांपेक्षा (सुमारे ४६ सेंटिमीटर) लहान ट्राउट परत सोडावा लागतो. त्याहून मोठा मासा दिवसाला एकच ठेवता येतो. गळाला कृत्रिम आमिषच लावावे लागते. खरे आमिष मासा खोलवर गिळतो आणि सोडून दिल्यावरही तो जगण्याची शक्यता कमी होते, हे त्यामागचे कारण आहे. तथापि नियम पाळूनही मासा वाचेलच असे नाही. पाणी २० अंशांच्या पुढे असताना गळाशी झुंजून थकलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो. म्हणून जाणकार मासेमार उन्हाळ्यात थर्मामीटर जवळ बाळगतात आणि पाणी तापताच गळ गुंडाळून ठेवतात.

पाण्याचा वाटा

या मत्स्यव्यवसायाची खरी नाडी जलाशयाच्या तळाशी आहे. तेथील थंड साठा मर्यादित असतो. उन्हाळ्याच्या प्रारंभीच तो फार सोडला तर शरद ऋतूपूर्वी संपतो. फार कमी सोडला तर खालची नदी तापते. महापुरानंतर जलाशयाची पातळी उतरवण्यासाठी मोठा विसर्ग करावा लागतो, तेव्हाही थंड पाणी लवकर निघून जाते. जुलै २००२ मध्ये तर कॅनियनच्या सांडव्यावरून प्रथमच पाणी वाहिले. मासेमाराला हवा असतो तो बेताचा, पण सलग विसर्ग.

परंतु या पाण्याचे इतर मालकही आहेत. सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या महानगरांच्या दरम्यानचा हा प्रदेश वेगाने वाढत असून धरणातील पाण्याची मागणीही वाढते आहे. उन्हाळ्यात रबरी चाकांवर बसून नदीतून तरंगत जाणारे हजारो पर्यटक हा येथील मोठा व्यवसाय आहे. या शतकाच्या प्रारंभी जलाशयातून अधिक पाणी उचलण्याच्या प्रस्तावाला ट्राउट अनलिमिटेडच्या शाखेने आव्हान दिले. अखेर नदी प्राधिकरणाशी समझोता झाला आणि जलाशय पुरेसा भरलेला असेल त्या वर्षी उन्हाळ्यात किमान विसर्ग राखण्याचे ठरले. त्यातील अट महत्त्वाची आहे. २०२३ आणि २०२४ च्या अवर्षणात जलाशय नीचांकी पातळीपर्यंत उतरला आणि विसर्ग शंभर क्युसेकच्याही खाली गेला. ट्राउटला आधाराची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वर्षी समझोता लागू होत नाही.

नदीचा स्वतःचा मासा

या खटाटोपात नदीच्या मूळ रहिवाशाचा विसर पडून चालत नाही. ग्वाडालुपे बास हा केवळ मध्य टेक्सासमध्ये आढळणारा मासा असून १९८९ पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे. क्रीडेसाठी बाहेरून आणलेल्या स्मॉलमाउथ बासशी त्याचा संकर होऊन अनेक प्रवाहांत त्याचे शुद्ध वाण धोक्यात आले. ते सावरण्यासाठी राज्याला शुद्ध वाणाचे मासे पुन्हा सोडावे लागले. ट्राउटचा त्याच्याशी संकर होऊ शकत नाही, एवढा धोका येथे कमी. तरीही परका मासा सोडताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे लागते.

सीमांत नदीतील ट्राउट हा माणसाने मांडलेला संसार आहे आणि तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. किती मासे सोडावेत, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. येत्या सप्टेंबरपर्यंत पुरेल एवढे थंड पाणी जलाशयात आहे काय आणि त्यातील किती नदीसाठी सोडले जाणार, याचे उत्तर आधी मिळवावे लागते. ते नकारार्थी असेल तर कितीही मासे सोडले तरी ते एका हिवाळ्याचे पाहुणे ठरतात.